नळीतलं कडं

मर्ल टोफ्टच्या गॅरेजात भिंतीवर एक पत्र्याची पाटी होती. ‘दारू ओतताना तोंड बंद.’ बंदुकीची दारू हो. प्यायची त्याची बायको आयडा घरात येऊ देत नसे. पाटी मर्लनंच रंगवलेली, आणि अख्ख्या विलो फोर्क गावात घरी काडतुसं भरणारा असा एक माणूस सापडायचा नाही, ज्यानं त्या पाटीखाली बसून मर्लची बोलणी खाल्ली नाहीत. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पितळी पुंगळ्या ओळीनं उभ्या आहेत, मर्ल मापाचा दांडा खाली-वर करत एकेकीत दारू सोडतोय, आणि तेवढ्यात कुणी नुसतं ‘काय गारठा पडलाय’ म्हटलं, तरी म्हाताऱ्याचं बोट पाटीकडे जायचं. ओतून झालं की तो खिशातली बॅटरी काढून प्रत्येक पुंगळीत डोकावायचा. सगळ्यांत सारखी दिसली तरच वर गोळी बसवायची. “एक रिकामी राहिली तर नळी जाते,” तो सांगायचा, “आणि एकीत दोनदा पडली तर तोंड जातं. नळी विकत मिळते, लेको.”

गोळ्याही त्याच्या हातच्याच. टायरवाल्यांकडून शिशाचे जुने तुकडे मागून आणायचे, वितळवायचे, मळी काढायची, चिमूटभर कथील घालायचं, साच्यात ओतायचं आणि ओल्या टॉवेलवर टपटप पाडायच्या. मग मधमाशांचं मेण चोळायचं. दुकानातली तयार गोळी मारणारा माणूस मर्लच्या लेखी डब्यातलं सूप पिणारा. तसं तोंडावर म्हणायचाही. उभी हयात कौंटीचे रस्ते सपाट करण्यात गेली त्याची, ग्रेडरवर बसून. निवृत्त झाल्यावर लोक त्याला विचारतात ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी. त्यामुळे तिची मिजास जरा जास्तच.

आता असा माणूस चुकला कसा? कौतुकानं चुकला. दुसरं काही नाही.

त्याचा शाळेपासूनचा दोस्त ड्वेन प्रूइट. ड्वेनकडे त्याच्या आजोबांची रायफल होती, लिव्हर ओढून काडतूस चढवायची जुन्या धाटणीची. दस्त्यावर कुंपणाच्या तारेचा लांब ओरखडा, आणि नळी इतकी झिजलेली की दुकानातली गोळी तिच्यातून निशाणाच्या कागदाला लागायची नाही, आडवीतिडवी जायची. ड्वेनची मुलगी कार्ला लहानपणापासून त्या रायफलवर डोळा ठेवून होती. आता ती चाळिशीला आलेली, शाळेची बस चालवते. या हरणांच्या मोसमाला ड्वेननं एकदाचा शब्द दिला: रायफल तुझी. पण न लागणारी रायफल देऊन काय उपयोग? म्हणून तो मर्लकडे आला. मर्लनं नळीत मऊ शिसं ठोकून तिचं माप घेतलं, तिच्यापुरत्या किंचित जाड गोळ्या ओतल्या, आणि म्हणाला, “आजोबांच्या वेळेला लागत होती तशी लागेल. नाही लागली तर माझं नाव बदल.”

गुरुवारी दुपारी तो त्याच गोळ्यांची काडतुसं भरत होता, आणि क्लेटन आला. शेजारच्या गावात गुरांच्या खाद्याचं दुकान आहे त्याचं; नुकताच शिसं ओतायला शिकलेला, आणि जिभेवर साखर. मर्लचं बोट पाटीकडे गेलं, तर हा उलट हरखला.

“हीच का ती पाटी! टोफ्टसाहेब, आमच्याकडे पोरं हिची नक्कल करतात. तुमचं नाव घेऊन.”

“नक्कल करतात?”

“म्हणजे काय! आमच्याकडे कुणाची गोळी नीट लागली की म्हणतात, आज टोफ्ट झाला.”

मर्लचा हात मापाच्या दांड्यावर थांबला. खरं तर तिथंच क्लेटनला बाहेर घालवायचा, नाहीतर सगळ्या पुंगळ्या उलट्या करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दुसऱ्या कुणाला त्यानं तेच करायला लावलं असतं, वर दोन शिव्या घालून. पण ‘आज टोफ्ट झाला’ हे कानात असं काही गोड वाजत होतं की बोलता बोलताच त्यानं दांडा पुन्हा ओढायला घेतला, साधारण इथपर्यंत आलो होतो अशा अंदाजानं. मग बॅटरी काढली. बॅटरी कशी धरायची हे क्लेटनला समजावून सांगितलं. उजेड पुंगळ्यांत होता आणि डोळे क्लेटनच्या तोंडाकडे. स्वयंपाकघरात आयडाला दोघांचं हसू ऐकू येत होतं.

शनिवारी सकाळी सगळे खडीच्या जुन्या खाणीवर जमले. कॉटनवुडची पानं पिवळी झालेली, ऊन बरं. कार्लानं दालचिनीचे रोल भाजून आणले होते, थर्मासात कॉफी होती. क्लेटनही आपली रायफल घेऊन हजर. त्याला टोफ्टसाहेबांचं काम बघायचं होतं.

आमच्याकडे रीत आहे, नव्या भरणीची पहिली काडतुसं ज्यानं भरली त्यानंच झाडायची. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडाजवळ फुटू नये. त्यानं झाडली, काही झालं नाही, की मग ती पेटी कुणीही न्यावी. तेव्हा आजोबांच्या रायफलला टेबलावर वाळूच्या पिशवीचा टेकू देऊन मर्ल बसला, कानांवर टोप चढवले, आणि सावकाश पाच गोळ्या मारल्या. गोळीबार थांबवून सगळे कागद बघायला गेले. पाचही भोकं जॅमच्या बरणीचं झाकण ठेवलं तर झाकली जातील अशी.

“अगं आई गं,” कार्ला म्हणाली, आणि तिनं चक्क मर्लकाकाच्या गालाचा मुका घेतला.

ड्वेनच्या डोळ्यांत पाणी होतं. “आजोबा असते तर तुला दत्तक घेतलं असतं, मर्ल.”

“नको. तुझ्या आजोबांच्या घरी जेवण भिकार असायचं.”

शिसं नळीला चिकटतंय का ते बघायला मध्ये एकदा चिंधी फिरवायची असते. ते काम ड्वेननं अंगावर घेतलं. ही रायफल मागून उघडत नाही. गज तोंडाकडूनच आत घालावा लागतो, टोकाला ओली चिंधी लावून, आणि चिंधी गजाबरोबर परत आली की नाही ते बघावं लागतं. आत राहिली तर पुढची गोळी तिला अडते आणि नळी फुगते. ड्वेन गज फिरवत होता, कार्लाशी गप्पा मारत होता, एक रोल खात होता. ड्वेन म्हणजे कॉफीचा कप ट्रकच्या टपावर ठेवून गावभर हिंडणारा माणूस. सगळ्या गावाला ठाऊक.

मर्ल पुन्हा बसला. शेजारच्या टेबलावर क्लेटन बसला. मर्लनं चाप ओढला, आणि नेमक्या त्याच क्षणी क्लेटननंही ओढला. क्लेटनच्या रायफलचा धडाका सगळ्या खाणीत घुमला. मर्लच्या रायफलनं मात्र नुसतं ‘फुस्स’ केलं. खांद्याला धक्का म्हणून बसला नाही.

कुणालाच कळलं नाही. मर्लला कळलं. त्या ‘फुस्स’चा अर्थ त्याच्याइतका त्या कौंटीत कुणाला ठाऊक नव्हता: काडतुसात दारू नव्हती, नुसत्या बुडाच्या टोपीच्या, म्हणजे पेटवणीच्या, ठिणगीनं गोळी नळीत ढकलली आणि ती आत अडकून बसलीय. अशा वेळी रायफल खाली ठेवायची. उठायचं. गज घालून बघायचं. किती जणांना त्यानं हे शिकवलं होतं!

पण उठायचं म्हणजे सगळ्यांनी विचारायचं, काय झालं. क्लेटननं विचारायचं. आज टोफ्ट झाला म्हणणाऱ्या क्लेटननं. मनात आलं, नसेलच तसं. त्याच्या धडाक्यात माझा धडाका बुडाला असेल. आणि धक्का? धक्का बसला असेल, लक्ष नव्हतं. असं मनात येईतो हातानं लिव्हर ओढून पुढचं काडतूस चढवलंही होतं. माणूस स्वतःशी इतक्या झटपट खोटं बोलू शकतो, हे मर्लला तोवर माहीत नव्हतं.

त्यानं चाप ओढला. खांद्याला घोड्याची लाथ बसावी तसा धक्का बसला.

सगळ्यांनी टोप काढले. मर्लनं रायफल टेबलावर ठेवली आणि तो तिच्याकडे बघत बसला. ड्वेननं ती उचलली, नळीवरून हात फिरवला, आणि मध्यावर त्याची बोटं थांबली. तिथं फुगवटा होता, बोटाला स्पष्ट लागणारा. लिव्हर उघडून, आत कागदाचा कपटा धरून, त्यानं नळीच्या तोंडाला डोळा लावला. उजेडात नळी चकचकत होती, आणि बरोबर मधोमध काळं कडं.

मर्लनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ड्वेन आधी बोलला.

“चिंधी,” तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. “माझी चिंधी. ती परत आली का ते मी पाहिलंच नाही. अरे देवा, कार्ला, मी बोलत बसलो गं. मी पाहिलंच नाही.”

“गज काढल्यावर चिंधी मोजायची असते, काका!” क्लेटन म्हणाला. “ही तर पहिली शिकवण. टोफ्टसाहेब, सांगा ना.”

सगळ्यांनी मर्लकडे बघितलं. आणि मर्लनं मान हलवली. हो म्हणून. वर एक वाक्य बोलला: “होतं असं कधीकधी.”

ते वाक्य पुढं त्याला जन्मभर पुरायचं होतं.

कार्ला जवळ आली. फुगवट्यावर तिनं अंगठा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग ट्रकमध्ये जाऊन बसली. बापाकडे बघितलं नाही. ड्वेननं रोल तसेच फडक्यात गुंडाळले. जाताना काडतुसांची उरलेली पेटी उचलली. “ही नेऊ ना रे? माझी दुसरी रायफल आहे याच मापाची, तिच्यात चालतील. मोसमाला पोरीच्या हातात काहीतरी द्यायला हवं. तुझी मेहनत तरी वाया जायला नको.”

“ने,” मर्ल म्हणाला.

त्या दिवशी मर्ल जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला. रविवारी चर्चमध्ये ड्वेन मागच्या बाकावर एकटा बसला होता, कार्ला आली नव्हती. प्रार्थना संपल्यावर दोघाचौघांनी ड्वेनच्या पाठीवर थाप मारली, एकानं ‘पुन्हा चिंधी विसरू नकोस’ म्हणून थट्टा केली, आणि ड्वेन हसला. मर्ल बाजूच्या दारानं निघून आला.

दुपारी आयडानं खिम्याचा मीटलोफ पुढं ठेवला. त्यानं काट्यानं नुसता चिवडला.

“अजून पोट?” तिनं विचारलं.

“हं.”

“हे बघ मर्ल, मला बंदुकीतलं काही कळत नाही. पण गुरुवारी तुझ्या त्या पाटीखाली बसून तू खिदळत होतास. इतक्या वर्षांत गॅरेजातून हसू ऐकलं नव्हतं मी. आणि शनिवारी ड्वेनची रायफल गेली. मी आपली स्वयंपाकघरातली बाई. पण दोन नि दोन चार मलाही कळतात.”

मर्लनं काट्यानं मीटलोफचा आणखी एक तुकडा मोडला.

“चिंधीच होती ना?” आयडा म्हणाली.

त्यानं काटा खाली ठेवला, आणि त्या क्षणी त्याला दुसरंच सुचलं, जे कालपासून सुचायला हवं होतं. एक रिकामी राहिली, म्हणजे तो मोजणी चुकला होता. हात थांबल्यावर पुन्हा कुठल्या पुंगळीपासून सुरुवात केली ते चुकला होता. मग एकीत दोनदाही पडली असेल. या भरणीत दारू जलद जळणारी आणि माप लहान. दुप्पट पडली तरी पुंगळीत सहज मावते, निरखून पाहिलं नाही तर दिसतही नाही. आणि ती पेटी त्यानं स्वतःच्या तोंडानं ‘ने’ म्हणून देऊन टाकली होती.

“कुठं निघालास?” आयडा ओरडली. तो टोपीसुद्धा न घेता ट्रककडे धावला होता.

ड्वेन स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर वर्तमानपत्रावर आजोबांची रायफल, तेल लावून पुसलेली. जणू पुसल्यानं फुगवटा बसणार होता.

“ये, ये. कॉफी घे.”

“ती पेटी कुठंय?” मर्ल म्हणाला. आणि इथंही, बघा हं, इथंही त्यानं खरं सांगितलं नाही. “गोळ्या जरा सैल बसल्यात असं वाटतं. पुन्हा दाबून देतो.”

“कार्ला घेऊन गेली. खाणीवर, माझ्या रायफलीत लावून बघायला. माझ्याशी बोलत नाही, पण पेटी नेली.” ड्वेननं रायफलच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. “तू काल मला काही बोलला नाहीस, मर्ल. दुसरा कुणी असता तर सोलून काढलं असतं मला. मी रात्री आयुष्यभराचं सगळं आठवत बसलो. कप टपावर, चुली पेटत्या ठेवलेल्या, एकदा तर कार्लालाच किराणा दुकानात विसरून आलो होतो, आठवतं? असल्या माणसानं बंदुकीला हात लावू नये. माझ्याकडं शिशाची बादली आहे ती तू घेऊन जा. मला नको आता.”

“कधी गेली ती?”

“आत्ताच, अर्धा तास... अरे, कॉफी तरी!”

खाणीचा रस्ता मर्लनंच वर्षानुवर्षं सपाट केलेला. त्याला तो कधी इतका लांब वाटला नव्हता. वळणावर काच खाली केली तर पहिला आवाज ऐकू आला. थड्. जिवंत आहे. मग शांतता, आणि पुन्हा थड्. प्रत्येक आवाजागणिक त्याचा जीव खालीवर होत होता. आवाज आला की वाटायचं, हा बरा होता. नाही आला की वाटायचं, का नाही आला? भोंग्यावर हात दाबून धरून तो खाणीत शिरला.

कार्ला टेबलाशी होती. तिनं टोप काढले. “मर्लकाका? आग लागलीय का कुठं?”

“थांब. ती काडतुसं मला परत दे.”

“का?”

“शिसं मऊ पडलंय. नळी खराब होईल.”

“हॅट्! बघ तरी काय लागतायत. बाबांच्या खटाऱ्यातसुद्धा. नळीखालचं काडतुसांचं नळकांडं आत्ताच भरलंय मी, तेवढी मारते आणि देते.” तिनं टोप पुन्हा कानाकडं नेले.

“कार्ला, नको.”

“अरे पण का? नीट कारण सांग ना! सगळेजण कालपासून माझ्याभोवती तोंडं पाडून फिरतायत.”

मर्ल टेबलाला धरून उभा राहिला. धाप लागली होती. वाळूच्या पिशवीवर त्याच्या मित्राची रायफल होती, तिच्या पोटात त्यानं भरलेली काडतुसं, आणि मागं ही पोर, जिला त्यानं सायकल शिकवली होती. आणखी एक थाप त्याच्या जिभेवर तयार होती. मेण वितळलंय, पितळ जुनं आहे, काहीही. तिनं पटकन ऐकलं असतं अशी एखादी. पण तिचा हात टोपांवर होता, आणि एखादी थाप तिनं नाहीच ऐकली तर?

“चिंधी नव्हती,” तो म्हणाला.

“काय?”

“काल. चिंधी नव्हती. माझ्या काडतुसात दारू नव्हती. मी ओतताना बोलत होतो, आणि एक सुटलं. त्याची गोळी नळीत अडकली, आणि तिच्यामागून मी दुसरी मारली. एक सुटलं म्हणजे एकात दुप्पट पडली असेल. कदाचित तुझ्या नळकांड्यात असेल. ठेव ती खाली.”

कार्लानं रायफल खाली ठेवली नाही. तिनं तिचं तोंड मातीच्या बांधाकडं केलं आणि चापाला बोट न लावता लिव्हर ओढून एकेक काडतूस बाहेर काढायला सुरुवात केली. न फुटलेली काडतुसं टेबलावर घरंगळत होती. शेवटचं पडल्यावर तिनं आत बोट घालून बघितलं, रिकामं आहे ना. मग मर्लकडे वळली.

“मी कालपासून बाबांशी बोलले नाहीये,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“तू तिथं उभा राहून मान हलवलीस.”

“हो.”

“त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“आत्ता त्यांच्याकडूनच आलास ना? कॉफी विचारली असेल त्यांनी तुला.” तिचा आवाज फुटला. “मर्लकाका, शरम नाही वाटली रे तुला?”

वाटली, असं त्याला म्हणायचं होतं. पण हा शब्द आपल्या तोंडात शोभणार नाही, एवढं त्यालाही कळलं. ती काडतुसं त्यानं पेटीत भरली. एक खाली पडलं. ते कार्लानं उचलून दिलं नाही.

“बाबांना तू सांगायचंस,” ती म्हणाली. “मी मागून येते. रस्त्यात विचार बदललास तर मी आहेच.”

ड्वेन अजून टेबलाशीच होता. मर्लनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: क्लेटन, पाटी, बॅटरी. ड्वेन ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं दारात उभ्या असलेल्या कार्लाकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक गाठ सुटल्यासारखी झाली. मर्लला वाटलं, आता हा उठेल, एखादी ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

ड्वेननं एकच विचारलं. “तो आवाज तुला ऐकू आला होता? रिकाम्याचा?”

इथं नाही म्हणता आलं असतं. क्लेटनच्या धडाक्याची साक्ष होती.

“आला होता,” मर्ल म्हणाला.

“आणि तरी लिव्हर ओढलीस.”

“हो.”

ड्वेननं आजोबांच्या रायफलवर वर्तमानपत्र दुमडलं. “चल,” तो म्हणाला. “ती काडतुसं उघडून बघू. माझी पोर कशापुढं बसली होती, ते मला बघायचंय.”

कार्ला आली नाही. दोघं मर्लच्या ट्रकमधून गेले. आयडानं दारातून ड्वेनला बघितलं आणि ती आत निघून गेली.

भरलेलं काडतूस उघडायचा एक प्लास्टिकचा हातोडा असतो. त्याच्या पोटात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. दोनतीन ठोक्यांत गोळी निसटते आणि दारू आत सांडते. मर्लनं एकेक काडतूस आपटायला घेतलं. दारू वजनकाट्यावरच्या ताटलीत ओतायची, काटा स्थिर होऊ द्यायचा, दोघांनी बघायचं, मग ती डब्यात टाकायची. ड्वेन शेजारी स्टुलावर बसला होता, पाटीच्या बरोबर खाली. ठोके सोडले तर गॅरेजात आवाज नव्हता. मर्लच्या त्या गोळ्या एकामागून एक बाकावर पडत होत्या, मेणानं चकाकणाऱ्या, त्याच्याच हातच्या.

बरोबर. बरोबर. हेही बरोबर.

पेटी अर्धी झाली. मर्लच्या कपाळाला घाम आला होता. प्रत्येक ताटलीला त्याची छाती धडधडत होती, आणि काटा स्थिर झाला की आत कुठंतरी खट्टू व्हायला होत होतं. का ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. आणखी एक. बरोबर. पेटीत आता थोडीच उरली होती, आणि मर्ल जास्त जोरानं आपटायला लागला.

शेवटचं काडतूस उघडलं. ताटली ठेवली. काटा हलला, डुलला, थांबला.

बरोबर.

एकही दुप्पट नव्हतं. एकच रिकामं सुटलं होतं, तेवढंच. कार्लानं सगळी झाडली असती तरी काहीसुद्धा झालं नसतं. तिनं हरीण मारलं असतं, ड्वेननं चार दिवस स्वतःला कोसलं असतं, आणि मग त्यालाही सवय झाली असती, जशी कपांची झाली. कुणाला कधीच कळलं नसतं.

मग उगाच सांगितलं, असं मर्लच्या मनात आलं.

ते येऊन गेलं, बस. डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ. पण त्यानं मान वर केली तेव्हा ड्वेन ताटलीकडे बघत नव्हता. तो मर्लच्या तोंडाकडे बघत होता. शाळेपासून तो त्या तोंडाकडे बघत आला होता. त्यात काय उमटतं ते वाचायला त्याला बॅटरी लागत नव्हती.

“दुप्पट निघालं असतं तर तुला बरं वाटलं असतं, नाही रे मर्ल?” ड्वेन म्हणाला. आवाजात राग नव्हता. “माझी पोर वाचवली असतीस ना तू.”

मर्लचा चेहरा कानांपर्यंत तापला, आणि तो लपवायला दुसरीकडे कुठं बघावं तर समोर पाटी होती.

ड्वेन स्टुलावरून उठला. गुडघे धरून, सावकाश, तो नेहमी उठतो तसा. बाकावरच्या गोळ्यांतली एक उचलून त्यानं बोटांत फिरवली. “गोळ्या मात्र सुरेख झाल्यात,” तो म्हणाला, आणि ती पुन्हा होती तिथं ठेवून दिली. मग चालत घरी निघाला. मर्ल त्याला ट्रकनं सोडतो म्हणाला, तर त्यानं मागं न बघता नुसता हात हलवला.

काढलेली जुनी दारू आमच्याकडे बागेत टाकतात, खत म्हणून. मर्लनं डबा उचलला आणि आयडाच्या ट्युलिपच्या वाफ्यावर मुठीमुठीनं पसरून आला. आयडा खिडकीतून बघत होती. आत आल्यावर तिनं त्याच्यापुढं दुपारचा मीटलोफ गरम करून ठेवला. त्यानं तो सगळा खाल्ला.